पावशेर डाळीची किंमत

तूरडाळ तीच, पण शहराच्या प्रत्येक कोपऱ्यात तिचा भाव वेगळा. छत्रपती संभाजीनगरात जुन्या मोंढ्यातल्या घाऊक दुकानातून तीस किलोचा कट्टा उचलला तर किलोला एक भाव पडतो. गुलमंडीच्या मोठ्या किराणा दुकानात पाच किलो घेतली तर दुसरा पडतो. मुकुंदवाडी किंवा रांजणगावच्या गल्लीतून पावशेर आणली तर तिसरा, आणि नाव छापलेल्या चकचकीत पिशवीतली घेतली तर चौथा. गल्लीतला भाव मोंढ्यापेक्षा जास्त असतो, हे तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही संध्याकाळी सात वाजता गर्दी असते ती गल्लीतल्या दुकानासमोरच.

दुकानदार लुटतो आणि गिऱ्हाईक भोळे असते, हे या कोड्याचे सोपे उत्तर आहे आणि ते बहुतेक वेळा चुकीचे आहे. क्विंटलाचे पावशेर करून देणे, महिन्याची गरज दिवसादिवसाला पुरवणे, पगार होईपर्यंत थांबणे ही सगळी कामे हे दुकान करते आणि डाळीच्या भावातच त्यांचे पैसे घेते. हे पैसे कुठे वाजवी आहेत आणि कुठे जास्त, हे समजायचे तर डाळीच्या मागोमाग शेतापासून निघावे लागते.

शेतातून मोंढ्यात

मराठवाड्यात धान्याच्या घाऊक बाजाराला मोंढा म्हणतात. शहरात जालना रस्त्यावरचा मोंढा नाका आणि त्यामागचा जुना मोंढा ही नावे त्यातूनच रूढ झाली. शेतमालाचे लिलाव आता जाधववाडीच्या बाजार समितीच्या आवारात होतात. डाळी, साखर, तेल, चहा यांचे घाऊक व्यापारी मात्र जुन्या मोंढ्यात अजूनही आहेत. या भागातल्या नियंत्रित बाजारांची परंपरा निजामाच्या काळातली आहे. हैदराबाद संस्थानाने शेतमालाच्या बाजारांसाठी १९३० मध्येच कायदा केला होता. आजच्या समित्या महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्याने चालतात.

तूर मृगाच्या पावसावर पेरली जाते आणि डिसेंबर-जानेवारीत कापणीला येते. जालना रस्त्यावर बदनापूरला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना परिचित असलेल्या ‘बीडीएन ७११’ या तुरीच्या वाणातले ‘बीडीएन’ म्हणजे बदनापूरच. लिलावात विकली गेलेली ही तूर तशीच दुकानात येत नाही. ती आधी डाळमिलमध्ये जाते, आणि सर्वसामान्य ग्राहकाचा पहिला गैरसमज इथेच होतो.

तुरीचा भाव क्विंटलला ८,००० रुपये, असे वर्तमानपत्रात वाचले की डाळ ८० रुपये किलो मिळायला हवी असे वाटते. (२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने जाहीर केलेला तुरीचा हमीभाव हाच आहे.) पण तुरीच्या दाण्यावर जाड साल असते आणि ती चिकट थराने दाण्याला घट्ट धरलेली असते. मिलमध्ये आधी दाणे खरखरीत रुळांमधून काढून सालीवर ओरखडे पाडतात. मग थोडे तेल चोळून ते मुरायला ठेवतात, उन्हात वाळवतात आणि पुन्हा रुळांतून फिरवतात. तेल ओरखड्यांतून आत शिरून चिकट थर सैल करते, साल सुटते आणि दाण्याच्या दोन फाकी होतात. घरी कढीपत्त्याच्या काडीवरून पाने ओरबाडताना थोडी काडीही निघून येते, तसेच इथे सालीबरोबर डाळीचाही काही भाग भुगा होऊन जातो. एक क्विंटल तुरीतून साधारण ७० ते ७५ किलो डाळ हाती येते. मधला आकडा, ७२ किलो, धरला तर ८,००० रुपयांच्या तुरीची डाळ मिलच्या दारातच किलोला १११ रुपयांवर जाते. उरलेले टरफल आणि चुनी जनावरांच्या खाद्यासाठी विकली जाते आणि दळणावळाचा काही खर्च त्यातून भरून निघतो.

पुढे प्रतवारी होते. अखंड, एकसारख्या फाकीची, उत्तम डाळ व्यापारी भाषेत ‘फटका’; त्याखालची ‘सवा नंबर’; तुटलेली ती चुरी. स्वस्तातल्या दुकानात बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीची डाळ असते. भावांची तुलना करताना लोक हे विसरतात. गल्लीतली डाळ मॉलपेक्षा स्वस्त वाटते तेव्हा ती प्रतही तीच आहे का, हे हातात चार दाणे घेऊन पाहावे. वरणासाठी चुरीही चालते, तिच्यातही प्रथिने तितकीच असतात; फक्त फटक्याचे पैसे देऊन चुरी घरी येऊ नये.

कट्टा फोडल्यावर

गल्लीतला दुकानदार मोंढ्यातून कट्टा आणतो, रिक्षाचे किंवा टेम्पोचे भाडे देतो, हमाली देतो, आणि कट्टा फोडतो. त्या क्षणापासून वजन त्याच्या हातून निसटू लागते.

तीस किलोच्या कट्ट्यातून १२० पावशेर निघायला हवेत. प्रत्येक पावशेर मोजताना काटा बरोबर २५० वर थांबत नाही. गिऱ्हाइकासमोर चार दाणे परत काढून घेणे बरे दिसत नाही, म्हणून माप थोडे झुकतेच जाते. हे झुकणे प्रत्येक वेळी फक्त पाच ग्रॅमचे धरले तरी १२० वेळा मिळून ६०० ग्रॅम होतात, म्हणजे कट्ट्याचे दोन टक्के. कट्ट्याच्या तळाचा भुगा, उंदीर-सोंडे, पिशव्यांचा खर्च हे वेगळेच. सुट्या डाळीवर शेकडा आठ रुपये सुटत असतील तर त्यातले दोन निव्वळ मोजण्यात गेले. पाच किलो एकदम देणाऱ्या दुकानाला ही तूट जवळजवळ नसते, म्हणून त्याला भाव कमी ठेवता येतो. पावशेरमागे गल्लीत जे दोन-तीन रुपये जास्त पडतात, त्यांचा मोठा वाटा असा सुटे करण्याच्या कामाचा असतो.

पावशेर हा शब्दही जाता जाता समजून घेण्यासारखा आहे. ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा होता, म्हणजे खरा पावशेर २३३ ग्रॅमचा. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली, शेर गेला, शब्द राहिला, आणि आज पावशेर म्हणजे २५० ग्रॅम. खेड्यांत पायलीने धान्य मोजणारी माणसे अजून भेटतात. ते मोजणे वजनाचे नसून आकारमानाचे असते. त्यामुळे शीग लावून भरलेली पायली आणि वर हात फिरवून सपाट केलेली पायली यांत बराच फरक पडतो, आणि ओल्या धान्याची पायली सुक्या धान्याइतकी उतरत नाही. किलोने हे वाद मिटवले.

इतक्या बारीक नफ्यावर दुकान चालते कसे? रिक्षाचे उदाहरण घ्यावे. सिडको बसस्थानकावरून शेअर रिक्षा चालवणाऱ्याची कमाई एका सीटच्या भाड्यावर जितकी अवलंबून असते, तितकीच दिवसभरातल्या फेऱ्यांवरही असते. किराणा दुकानात पैसा अशाच फेऱ्या मारतो. शंभर रुपयांच्या मालावर दहा रुपये सुटले आणि तो माल महिन्यात एकदाच विकला गेला, तर महिन्याचे दहा. तोच माल आठवड्याला संपून पुन्हा भरला गेला तर चाळीस. म्हणून दूध, ब्रेड, साखर, चहा या कमी नफ्याच्या पण रोज हलणाऱ्या वस्तू दुकानाच्या तोंडाशी असतात. महागडी क्रीमची बाटली कमाई जास्त देते, पण सहा महिने फळीवर बसून राहते. स्वस्त दुकानात निवड कमी असते याचे कारण हेच आहे. प्रत्येक जादा प्रकार म्हणजे फेरी न मारता उभी राहिलेली एक रिक्षा.

सुटे आणि पॅकबंद: कराचा खेळ

पिशवीतल्या डाळीचा भाव सुट्यापेक्षा जास्त असण्यामागे पिशवी, छपाई, जाहिरात ही कारणे आहेतच. १८ जुलै २०२२ पासून त्यांत आणखी एक भर पडली. त्या दिवसापासून आधीच बांधलेल्या आणि लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या धान्य, डाळी, पिठांवर पाच टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी तो फक्त नोंदणीकृत ब्रँडवर होता. सुट्या धान्यावर कर नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये कराचे टप्पे बदलले, पण पॅकबंद डाळ-तांदळावरचे पाच टक्के तसेच राहिले.

याचा अर्थ असा की दुकानदाराने ३० किलोचा कट्टा फोडून ग्राहकासमोर दोन किलो मोजून दिले तर त्यावर जीएसटी नाही. कारखान्यातून बांधून आलेल्या दोन किलोंवर तो आहे. २०२२ नंतर अनेक ठिकाणी तांदळाची २५ किलोऐवजी २६ किलोची पोती दिसू लागली, ती या मर्यादेमुळे.

पॅकबंद मालाला एक मोठा फायदा आहे आणि तो कमी लेखू नये. त्यावर निव्वळ वजन, बांधणीची तारीख, तक्रारीचा पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक असते. सुट्या डाळीला यातले काहीच नसते. तिथे सगळी भिस्त दुकानदारावरच्या विश्वासावर. रोज येणाऱ्या गिऱ्हाइकाला गल्लीतला दुकानदार खराब डाळ सहसा देत नाही, कारण तेच गिऱ्हाईक उद्या सकाळी समोर उभे राहणार असते. एकदाच येणाऱ्याला मात्र ही हमी नाही.

कमाल किरकोळ किंमत, म्हणजे एमआरपी, ही वरची मर्यादा आहे. त्यापेक्षा कमी घेण्याची दुकानदाराला मोकळीक आहे, जास्त घेण्याची नाही. गल्लीत सर्रास आढळणारा अपवाद म्हणजे थंड पेयाच्या बाटलीवर फ्रिजच्या नावाने घेतलेले दोन-पाच रुपये. ते बेकायदा आहेत. दुकानदाराचा विजेचा खर्च खरा असला तरी तो छापील किमतीतच सामावलेला धरला जातो.

पाच रुपयांचा पुडा हलका का होतो

दुकानाच्या दारात शाम्पू, तेल, मसाले, चहापत्ती यांच्या लडी लोंबत असतात. शाम्पूची पुडी १९८० च्या दशकात तमिळनाडूतल्या छोट्या उद्योजकांनी लोकप्रिय केली आणि पुढे मोठ्या कंपन्यांनी तीच वाट धरली. कल्पना साधी होती: ज्याच्या खिशात आज दोनच रुपये आहेत त्यालाही गिऱ्हाईक करता आले पाहिजे.

पण या पुड्यांची किंमत एका विचित्र गोष्टीने बांधलेली असते, ती म्हणजे नाणे. एक, दोन, पाच, दहा या रकमा सुट्टे न मागता देता येतात. पाचाचा पुडा साडेपाचाला विकता येत नाही, कारण पन्नास पैसे कुणी देत-घेत नाही. २५ पैशांचे नाणे तर २०११ च्या जूनअखेर व्यवहारातूनच काढले गेले. मग गहू, साखर, तेल महागले की कंपनी किंमत न बदलता वजन कमी करते. बिस्किटाचा पुडा पाचाचाच राहतो, आतली बिस्किटे पातळ होतात किंवा एखादे कमी होते. पूर्वी बिस्किटे, चहा, साबण अशा वस्तूंची वजने कायद्याने ठरलेल्या मापातच बांधावी लागत. २०२१ च्या दुरुस्तीने ते बंधन काढून टाकले, त्यामुळे आता ६२ ग्रॅम किंवा ४७ ग्रॅम अशी कुठलीही वजने दिसतात.

याच्या उलट घटना २२ सप्टेंबर २०२५ ला घडली. बिस्किटे, साबण, टूथपेस्ट, शाम्पू यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. पाच रुपयांच्या पुड्यात कर वजा जाता माल ४ रुपये २४ पैशांचा होता. त्यावर नवा कर लावला तर किंमत होते ४ रुपये ४५ पैसे. ही रक्कम कोणत्याच गल्ल्यात सुट्टी करून देता येत नाही. म्हणून अशा लहान पुड्यांत करकपातीचा फायदा वजन वाढवून देण्याचा मार्ग पुढे आला. किंमत तीच दिसली म्हणून फायदा मिळालाच नाही असे नाही, आणि मिळालाच असेल असेही नाही. ते वजन वाचल्यावरच कळते.

लहान पुडा नेहमी महाग पडतो, हा समजही तपासून पाहावा. बिस्किटे, चहा, साबण, मसाला यांत तो बहुधा खरा असतो. शाम्पूत मात्र अनेकदा उलटे असते. पुड्यांचा खप प्रचंड, स्पर्धा जिवावरची, आणि बाटलीला प्लास्टिकचा खर्च. त्यामुळे शंभर मिलिलिटरला पुड्यांची लडी बाटलीपेक्षा स्वस्त पडल्याचे पुष्कळदा दिसते. इथे अंदाज चालत नाही, भागाकार करावा लागतो.

चौकट: पाकीट वाचताना

छापील किमतीजवळ बारीक अक्षरांत दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमत असते. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ती ग्रॅमला, जास्त वजनाच्या पाकिटावर किलोला. दोन पाकिटांची तुलना याच आकड्याने करावी.

‘२० टक्के जादा’ लिहिले असेल तर एकूण ग्रॅम पाहावेत. जादा कशापेक्षा, ते त्यावरून कळते.

तेलावर लिटर आणि ग्रॅम असे दोन्ही आकडे शोधावेत. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरते.

तेलाचा डबा आणि इंडोनेशिया

किराण्याच्या यादीत सर्वांत जास्त घोटाळा होतो तो तेलात, कारण ते दोन मापांनी विकले जाते. तेल पाण्यापेक्षा हलके असते. वरणावर ते तरंगते ते यामुळेच. म्हणून एक लिटरची पिशवी एक किलोची नसते, ९१० ग्रॅमची असते. हाच फरक डब्यात फार मोठा होतो. बाजारात १५ किलोचे डबे आणि १५ लिटरचे डबे शेजारी शेजारी असतात आणि दिसायला जवळजवळ सारखे असतात. १५ लिटरच्या डब्यात तेल १३ किलो ६५० ग्रॅम असते. दिवाळीला डबा घेणाऱ्या घराला हा सव्वा किलोहून अधिकचा फरक कळलाच पाहिजे. आणखी एक बारकावा आहे. तापवल्यावर तेल फुगते, म्हणून काही पिशव्यांवर जास्त तापमानाला मोजलेले लिटर छापले जात. त्यात तेल प्रत्यक्षात ९१० ग्रॅमपेक्षा कमी भरे. केंद्राने २०२२ मध्ये कंपन्यांना तापमानाचा उल्लेख न करता माप लिहिण्यास सांगितले.

तेलाचा भाव रातोरात का बदलतो, हा गल्लीतल्या भांडणाचा नेहमीचा विषय. मराठवाड्यात सोयाबीन अमाप पिकते, तरी तेल महाग होतेच. कारण भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. पामतेल मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून येते, सूर्यफुलाचे युक्रेन-रशियातून. ही तेले एकमेकांची जागा घेऊ शकतात. पाम महागले की फरसाणवाले आणि हॉटेलवाले सोयाबीनकडे वळतात, आणि सोयाबीनही चढते. विहिरी वेगळ्या दिसल्या तरी खालचे पाणी एकच असावे, तसे हे आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले आणि एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात सुमारे साडेतीन आठवडे रोखली; त्याचा चटका गारखेड्यातल्या फोडणीलाही बसला. ज्या दुकानदाराला त्या वेळी शिव्या बसल्या, त्याच्या हातात त्या भावातले काहीच नव्हते.

मराठवाड्याचे जुने तेल करडईचे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी कुसुम’ हा करडईचा वाण प्रसिद्ध आहे. लाकडी घाण्यावर एक किलो करडई तेलासाठी साडेतीन-चार किलो बी लागते, त्यामुळे ते स्वस्त दुकानात परवडत नाही. ज्या घरांच्या भाजीला पिढ्यान्पिढ्या करडईची चव होती, त्यांच्या ताटातून ती गेली, हे दुःख खरे आहे.

‘मांडून ठेवा’

वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्याभोवती बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर या कामगार वस्त्या वाढल्या. अशा वस्तीतल्या दुकानाचे वेळापत्रक पगाराच्या तारखेवर चालते. पगार झाल्यावरच्या आठवड्यात तेलाचे पाच लिटर जातात, महिनाअखेरीस शंभर ग्रॅमच्या पिशव्या. मधल्या दिवसांसाठी वही असते. “मांडून ठेवा, दहा तारखेला देते,” एवढ्या एका वाक्यावर व्यवहार पुरा होतो.

ही उधारी फुकट नसते. घाऊक व्यापारी दुकानदाराला फार तर आठवड्या-पंधरवड्याची मुदत देतो. गिऱ्हाईक महिना लावते. मधल्या काळात दुकानदाराचे भांडवल अडकते, आणि एखादे कुटुंब खोली सोडून गेले की बाकी बुडते. हा खर्च तो सगळ्याच भावांत थोडा थोडा मिसळतो. त्यामुळे रोख देणाराही दुसऱ्याच्या उधारीचा वाटा उचलत असतो. रोखीने घेणाऱ्याने चार रुपये कमी मागणे म्हणूनच रास्त आहे.

उधारीने घेणाऱ्याला ती किती महाग पडते, याचा हिशोब सहसा कुणी करत नाही. समजा उधारीच्या दुकानात शंभराचा माल १०४ ला पडतो. माल महिनाभर थोडा थोडा घेतला जातो आणि पैसे महिनाअखेर दिले जातात, म्हणजे सरासरी थांबणे पंधरा दिवसांचे. पंधरा दिवसांना चार टक्के म्हणजे महिन्याला आठ टक्के. बचत गटाचे कर्ज साधारण महिना दोन टक्क्यांनी मिळते. ज्या बाईच्या नावावर गटात बचत आहे, तिने महिन्याच्या सुरुवातीला गटातून दोन हजार उचलून किराणा रोखीने भरला, तर तेवढ्याच मालात पैसे वाचतात.

पण वहीचे मोल फक्त टक्क्यांत मोजणे अन्यायाचे ठरेल. काम सुटलेल्या कामगाराला कोणतीही बँक तांदूळ देत नाही. कागद, तारण, जामीन न मागता गल्लीतला दुकानदार देतो. २०२० च्या टाळेबंदीत अनेक वस्त्यांत चुली पेटत्या राहिल्या त्या या वह्यांवर. वहीचा खरा तोटा वेगळाच आहे. बाकी असलेल्या माणसाला भाव विचारायला संकोच वाटतो, आणि दुसऱ्या दुकानात जाताना पाहिले जाऊ नये म्हणून तो दुसरीकडे जातच नाही. म्हणून बाकीचा आकडा दर आठवड्याला स्वतःच्या कागदावरही उतरवून घ्यावा. चांगला दुकानदार याचा राग धरत नाही.

मोठे दुकान स्वस्त का, आणि कुणासाठी

डी-मार्टचे पहिले दुकान २००२ मध्ये मुंबईत पवईला निघाले. आता त्याच्या शाखा राज्यातल्या बहुतेक मोठ्या शहरांत आहेत, संभाजीनगरातही. अशा दुकानांचे गणित गल्लीच्या नेमके उलटे असते. ती उधार देत नाहीत. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करून त्या बदल्यात सूट मिळवतात. शक्यतो स्वतःच्या जागेत दुकान थाटतात, म्हणजे भाडे नाही. सुटे करून देण्याचे काम गिऱ्हाइकावर सोपवतात. महिन्याचा किराणा एकदम भरण्याइतके पैसे हाताशी असणाऱ्याला ही बचत मिळते. ज्याच्याकडे एका वेळी दोनशे रुपये असतात, त्याच्या जाण्या-येण्याच्या रिक्षाभाड्यातच ती संपून जाते.

रेशनचा हिशोबही यात धरला पाहिजे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. त्यामुळे या घरांचे गल्लीतले बिल मुख्यतः डाळ, तेल, साखर, चहा, साबण यांचे असते.

लहान पैशांत मोठ्या खरेदीचा भाव मिळवण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ मध्ये अपना बाजार सुरू झाला. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचा माल एकत्र मागवायला आणि आपापसांत वाटून घ्यायला शिकवले. यासाठी संस्थाच हवी असेही नाही. एका चाळीतल्या दहा घरांनी मिळून जुन्या मोंढ्यातून डाळीचा एक कट्टा आणला, तर घरटी तीन किलो येतात आणि कट्टा फोडण्याची तूट आपसांत वाटली जाते. वेळ मात्र साधावी लागते. नवी तूर बाजारात आल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये रब्बी ज्वारी निघाल्यावर, एप्रिलमध्ये गहू आल्यावर आवक वाढते आणि भाव सहसा उतरलेले असतात. उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवण्याची मराठवाड्यातली जुनी चाल या हिशोबावरच उभी आहे.

काटा

एवढे सगळे गणित शेवटी एका काट्यावर येऊन टेकते. जुन्या तराजूच्या दोन पारड्यांत जो फरक असे तो भरून काढायला हलक्या बाजूला खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधत. त्याला पासंग म्हणत. ‘पासंगालाही पुरत नाही’ हा वाक्प्रचार तिथून आला. इलेक्ट्रॉनिक काट्यावर पासंग नसतो, पण वर ठेवलेले ताट किंवा जाड कागद असतो. दहा ग्रॅमचा कागद पावशेर डाळीबरोबर तोलला गेला तर डाळीत चार टक्क्यांची घट होते. सुक्या मेव्यात आणि वेलदोड्यात तोच कागद खूप महाग पडतो. म्हणून रिकामे ताट ठेवल्यावर काट्यावर शून्य आहे का, हे माल पडण्याआधी पाहावे. दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी व्हावी लागते. काट्यावर शिक्का असतो आणि प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावायचे असते.

शंका आली तर आधी दुकानदारालाच पुन्हा तोलायला सांगावे. बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटतो. न मिटल्यास वैधमापन शास्त्र विभागाकडे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.